कशाचं कशाला बसतंय

गाडी पूर्ण उघडून परत बंद केली की दोन-चार नटबोल्ट उरतातच. कितीही काळजी घ्या, उरतात. गाडी नीट चालते, मालक खूश होऊन जातो, आणि हे बोल्ट टेबलावर पडून आपल्याकडे बघत बसतात. आमच्या गॅरेजमध्ये त्यांच्यासाठी पत्र्याचा एक डबा आहे. किश्श्यांचंही तसंच. मुद्दाम कुणी गोळा करत नाही. काम संपतं आणि हे उरतात. दीड वर्षात माझा डबा काठोकाठ भरलाय, म्हणून आज थोडा रिकामा करते.

आधी ओळख. बबनमामांचं गॅरेज शिरूरला, मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला. मामांची खासियत एकच, सस्पेन्शन. म्हणजे गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये जे जे काही असतं ते सगळं. पाटे, स्प्रिंगा, शॉकअप, बुश. तालुक्यातल्या कांद्याच्या निम्म्या पिकअप मामांच्या हातून सरळ उभ्या राहिल्यात.

मी मधुरा, गाव वरवंड, शिक्षण ऑटोमोबाइल इंजिनिअरिंग. कंपनीत नोकरी होती. दिवसभर एसीत बसून एकाच ब्रॅकेटच्या एकाच भोकाचं ड्रॉइंग करायचं. सात महिन्यांनी लक्षात आलं, की हे भोक माझ्याशिवायही पडणार आहे. राजीनामा दिला आणि ठरवलं, आयुष्यात जुन्या गाड्या जिवंत करायच्या. त्यासुद्धा अशातशा नाही, जशा जन्मल्या तशाच. एकेक पार्ट ओरिजिनल!

हे सगळं मी मामांना पहिल्याच दिवशी उभ्याउभ्या सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाले, "ऱ्हावा की मग. पन येक सांगतो इंजिनेर. वरिजनल फकस्त आईबाप असत्यात. बाकी समदं बदलून मिळतं."

*

आमच्या किश्श्यांचं मूळ म्हणजे सालोमन आबांची गाडी.

सालोमन आबा मिशनच्या शाळेत गणिताचे मास्तर होते. आता वय ऐंशीच्या पुढे. बबनमामा त्यांचेच विद्यार्थी, आणि अजून त्यांच्यासमोर तंबाखू मळत नाहीत. आबांचे वडील मिशनच्या दवाखान्यात ड्रायव्हर होते. तिथं एक तरुण इंग्रज डॉक्टर आला, तो दोन सीटची, बिनटपाची स्पोर्ट्स कार घेऊन. शिरूरच्या तेव्हाच्या रस्त्यावर! परत जाताना गाडी आबांच्या वडिलांना देऊन गेला. इतकी बुटकी गाडी, की गावानं तिला नाव ठेवलं 'डॉक्टरची होडी'.

ही होडी एक दिवस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आमच्या दारात आली. पुढच्या स्प्रिंगा गंजून मोडलेल्या, मागचे पाटे तुटलेले, शॉकअपमधलं तेल केव्हाच उडालेलं. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी बसली होती. ती उतरायला तयार नव्हती.

"आबा, हिला उभी करायची कशासाठी?" मी विचारलं. "प्रदर्शनात ठेवायची का?"

"दौंडला जायचंय," आबा म्हणाले.

गोष्ट अशी, की आबांच्या पत्नी मार्थाआजी यांच्या खुब्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून त्यांना गाडीचा दणका सोसत नव्हता. जीप, रिक्षा, भाच्याची मोटार, सगळं करून झालं. दर वेळी दोन-तीन किलोमीटरवरून डोळ्यांत पाणी घेऊन परत. आणि दौंडला त्यांचं माहेर. तिथं त्यांचे भाऊ दाविदमामा आणि वहिनी रूथ. या रूथआजी म्हणजे मार्थाआजींची शाळेतली मैत्रीण, पुढे भावजय झालेली. त्यांचं एक अंग लुळं पडलेलं, त्या घराबाहेर पडू शकत नव्हत्या. दोघी रोज फोनवर बोलायच्या. पण दोन वर्षांत भेट नाही. दोघींची वयं बघता दोन वर्षं म्हणजे थोडी नव्हेत.

ऑपरेशनच्या वेळी आबांनी धीर द्यायला म्हणून सांगितलं होतं, "बरी हो. आपल्या होडीत बसवून तुला रूथकडं नेतो." आजी बऱ्या झाल्या. आणि हे वाक्य काही विसरल्या नाहीत.

मला राहवेना. "आबा, स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन मुळातच कडक असतं. खुबा बदललेल्या माणसासाठी ही जगातली सगळ्यात चुकीची गाडी आहे!"

"मग बरोबर करा," आबा म्हणाले. "इंजिनिअर तुम्ही आहात ना?"

*

मार्थाआजी गाडी बघायला काठी टेकत आल्या तेव्हा मामांनी अगदी आस्थेनं चौकशी केली.

"खुब्याचं म्हंजी काय केलं डाक्टरनी?"

"आतली वाटी आणि गोळा बदलला."

मामांचे डोळे चमकले. "म्हंजी बॉल जॉइंट बदलला! डावा का उजवा?"

"उजवा."

"कंपनीचा टाकला का लोकल?"

"कंपनीचा," आजी म्हणाल्या. "आणि तुझ्यासारखा हातोड्यानं ठोकून नाही बसवला!"

मी या ऑपरेशनचा व्हिडिओ पाहिला आहे. हातोड्यानंच ठोकतात. पण मी विषय बदलला. दोघांचाही विश्वास टिकून राहणं गरजेचं होतं.

*

मी कामाला लागले ते एक्सेल उघडून. गाडीच्या सस्पेन्शनचा प्रत्येक पार्ट, त्याची मापं, आणि समोर तो दुसऱ्या कुठल्या गाडीचा चालेल त्याची नोंद. तीन रंग ठेवले. हिरवा म्हणजे जसाच्या तसा बसतो. पिवळा म्हणजे थोडं काम करून बसतो. लाल म्हणजे बसत नाही.

इंग्लंडच्या एका दुकानाची वेबसाइट होती. त्यांच्याकडून पुढच्या नव्या स्प्रिंगा आल्या, पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या किंगपिन आल्या. पण बाकीच्या प्रत्येक पार्टसमोर एकच वाक्य, 'आता बनत नाही. पर्याय नाही.' माझं एक्सेल वरपासून खालपर्यंत लालभडक झालं. मी डोकं धरून बसले.

मामांनी पडद्यावर नजर टाकली. "काय म्हनतंय?"

"मागच्या पाट्यांना पर्याय नाही म्हणतात."

"पर्याय न्हाई असं फकस्त देवाबद्दल म्हनायचं. पाट्याबद्दल न्हाई," असं म्हणून मामा भंगाराच्या ढिगाकडे गेले. तीनचाकी टेम्पोचा पाटा काढला, होडीच्या तुटक्या पाट्याशेजारी ठेवला आणि वीत टाकली. लांबी जवळजवळ सारखी. रुंदी सारखी. टोकाचं भोक थोडं लहान, मधला बोल्ट दोन बोटं सरकलेला.

"बघा. बसतंय."

"मामा, मधला बोल्ट सरकला तर मागचा ॲक्सल पुढे जाईल! चाक मडगार्डला घासेल! हे बसत नाही!"

मामांनी त्याच दुपारी नवं भोक पाडलं, टोकाचं मोठं केलं, त्यात तात्पुरता रबरी बुश घातला, आणि पाटा जागेवर. मग माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

"त्या तुझ्या कागदात आनखी येक रंग घाल."

"कुठला?"

"बसत न्हाई, पन बसवलं."

तो रंग मी जांभळा ठेवला. महिन्याभरात एक्सेल वांग्याच्या वाफ्यासारखं दिसायला लागलं.

*

टेम्पोचे पाटे बसवून गाडी चाकांवर उतरवली आणि सगळे दोन पावलं मागं सरकलो. टेम्पोचा पाटा टनाचा माल पेलायला जन्मलेला. या हलक्या गाडीनं तो कशाला दबतोय! मागचा भाग चांगला वीतभर वर. नाक जमिनीला.

नेमके तेव्हाच आबा आले. गाडीला एक फेरी मारली. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"बबन."

"जी गुरुजी."

"माझ्या बापानं हिला पन्नास वर्षं चर्चच्या दारात उभी केली. कधी वाकली नाही. तू चार दिवसांत हिला गुडघे टेकून प्रार्थना करायला लावलीस!"

*

आता पाटे नरम करायचे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांतलं एकेक पान काढत जायचं. पण किती काढायची? त्यासाठी माणसांचं वजन हवं. मी आबांना विचारलं, त्यांनी लगेच सांगितलं. आजींना मात्र मामांच्या देखत विचारायची चूक केली.

"पंचावन्न वर्षांच्या संसारात ह्यांना सांगितलं नाही," आजी म्हणाल्या, "ते तुझ्या कॉम्प्युटरला सांगू?"

मी म्हटलं, "आजी, स्प्रिंग रेट काढायला—"

"नाही म्हणजे नाही!"

तेवढ्यात मामांनी आजींना खालून वर एकदा न्याहाळलं. तीस वर्षं ते कांद्याच्या गाड्यांचे पाटे लावतायत. त्यांच्या डोळ्याला किलो कळत नाही, गोणी कळते.

"पाऊन गोनी," मामा म्हणाले. "गुरुजी दीड."

पुढचे आठ दिवस आजींच्या घरून गॅरेजला केक आला नाही. तोवर रोज यायचा.

पण मामांचा हिशेब पक्का होता. त्यांनी यार्डातून कांदा आणला. ड्रायव्हरच्या सीटवर दीड गोणी, शेजारी पाऊण. पडू नये म्हणून दोरीनं सीटला बांधल्या. मी टेप लावून उंची मोजायची, मामांनी एक पान काढायचं, परत गोण्या बसवायच्या, परत मोजायचं. असे सबंध दोन दिवस.

दुसऱ्या दिवशी यार्डातला एक ओळखीचा व्यापारी रस्त्यानं चालला होता. थांबला. लाल चामड्याच्या सीटवर रेलून बसलेल्या दोन गोण्यांकडे बराच वेळ बघत राहिला.

"मामा," तो म्हणाला, "आमच्या वेळचा कांदा उघड्या टेम्पोत जायचा हो!"

*

बुशचं काम दौंडला दाविदमामांकडं गेलं. आजींचे हे भाऊ रेल्वेतले निवृत्त फिटर. वय अठ्ठ्याहत्तर, घरी स्वतःचा छोटा लेथ. मी त्यांना सुरेख ड्रॉइंग काढून पाठवलं. प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये, पॉइंटनंतर दोन आकडे. उत्तर नाही.

तिसऱ्या दिवशी एसटीनं स्वतःच आले. माझं ड्रॉइंग चार घड्या घालून खिशात.

"हे काय आहे, पोरी?"

"आतलं भोक मामा. पंधरा पॉइंट अठ्ठ्याऐंशी."

त्यांनी तुटका बुश हातात घेतला, करंगळी घालून फिरवली. "पाच सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आजोबांच्या काळातलं माप! माझा संयम सुटला. "मामा, असं अंदाजे नाही चालणार. इथं केसाएवढा फरक पडला तरी—"

"गाडी कुठली?"

"इंग्लंडची."

"बनवणारा मिलिमीटर वापरायचा का इंच?"

मी मोबाइलवर गणित केलं. पाच सूत. पंधरा पॉइंट अठ्ठ्याऐंशी. तंतोतंत.

"तुझा कॉम्प्युटर पॉइंट लावून बोलतो," दाविदमामा म्हणाले, "म्हणजे त्याला अजून खात्री नाही."

पुढच्या आठवड्यात बुश आले. रबर मऊ, हाताला लोण्यासारखं. "कडक घातलं तर गाडी पळेल, मऊ घातलं तर बहीण पोचेल," असा निरोप सोबत. रबर कुठलं ते मी विचारलं नाही. रेल्वेतल्या माणसाला असलं काही विचारू नये.

*

आता माझा स्वतःचा किस्सा. हा मामा सांगतात, तेव्हा जास्त रंगतो. पण मी सांगितलेला खरा आहे.

डावे आणि उजवे पार्ट एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हा माझा आवडता विषय. मामा कधीकधी डावा शॉकअप उलटा करून उजवीकडे लावायचे, त्यावरून आमची रोज वादावादी. म्हणून होडीचा पुढचा भाग उघडताना मी मामांना हात लावू दिला नाही. प्रत्येक पार्टला चिठ्ठी. लेफ्ट, राइट. प्रत्येकाचा फोटो.

सगळं धुऊन, रंगवून मी स्वतः बसवलं. कॉलेजचे काही विद्यार्थी गॅरेज बघायला आले होते, त्यांच्यासमोर अर्धा तास बोलले. "शिस्त ठेवली की डाव्याचं उजवीकडं कधीच जात नाही!"

गाडी बाहेर काढली. स्टिअरिंग सरळ धरलं की चाकं दोन दिशांना. दोघं नवरा-बायको भांडून उठल्यासारखी.

तीन दिवस मी ड्रॉइंग तपासत बसले.  चौथ्या दिवशी त्यांनी मला गाडीच्या समोर उभं केलं.

"खोलताना कुठं बसली हुतीस?"

"इथंच. समोर."

"आन् डावं म्हून चिठ्ठी कुठल्या बाजूला लावली?"

मी डावा हात वर केला.

"ते तुझं डावं," मामा म्हणाले. "गाडीचं तोंड तुझ्याकडं हाय, म्याडम. गाडीचं डावं पल्याड!"

विद्यार्थ्यांपैकी एकानं त्या भाषणाचा व्हिडिओ काढला होता. तो मामांच्या मोबाइलमध्ये आहे. मी कधी ओरिजिनल पार्टचा विषय काढला की ते फक्त मोबाइल खिशातून बाहेर काढून टेबलावर ठेवतात.

*

ट्रायल म्हणून एका रविवारी आबा आणि मी होडी घेऊन वढू बुद्रुकला गेलो. संभाजी महाराजांच्या समाधीचं दर्शन घेऊन परत आलो तर गाडीभोवती ही गर्दी. सेल्फी चाललेल्या. पुण्याचा एक तरुण मात्र फोटो न काढता जमिनीवर आडवा होऊन गाडीच्या खाली बघत होता. उठला, गुडघे झटकले आणि खेदानं मान हलवली.

"काका, मागचे पाटे ओरिजिनल नाहीत."

माझा चेहरा पडला. हेच वाक्य दीड वर्षापूर्वी मी म्हटलं असतं. अगदी याच सुरात.

आबा म्हणाले, "माझे दातही नाहीत. डोळ्यांत भिंग घातलंय. बायकोच्या खुब्यात लोखंड आहे. बाळ, तुझ्या हिशेबानं आमचं लग्न अजून चालू आहे ना?"

*

शेवटी निघायचा दिवस आला. होडी गॅरेजच्या सिमेंटच्या रॅम्पवर उभी होती, म्हणजे ज्याच्यावर गाडी चढवून आम्ही खालून काम करतो तो. त्यामुळे सीट बरोबर आजींच्या कमरेला आली. आजी तिच्यावर टेकल्या, पाय आत घेतले, झालं. आबा स्टिअरिंगवर. मागून पिकअपमध्ये मामा, मी आणि सगळे जादा पार्ट.

रस्ता न्हावऱ्यावरून चौफुल्याला, तिथून सोलापूर हायवेनं. प्रत्येक स्पीडब्रेकरला पिकअपमध्ये मामा आणि मी दोघंही श्वास रोखून धरायचो. पुढं होडी हळूच वर जायची, हळूच खाली यायची. आजींचा पांढरा पदर तेवढा हलायचा. दोन-तीन किलोमीटर झाले. दहा झाले. गाडी थांबली नाही. न्हावऱ्याच्या पुढं आजींनी मागं वळून न बघता हात वर केला आणि 'ठीक' म्हणून दोन बोटं हलवली. मामांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "सायलेन्सरचा धूर लई येतोय."

धूर आमच्या पिकअपचा होता, आणि तो मागं जात होता.

वरवंडला हायवेच्या कडेला माझे वडील उभे होते. आमची झेंडूची शेती आहे. मी नोकरी सोडल्यापासून वडील माझ्याशी पाणी, लाइट आणि जेवण याच विषयांवर बोलायचे. त्यांनी आबांना रामराम केला, आजींच्या हातात फुलं दिली. मग गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून जोरानं दाबलं आणि सोडलं. गाडी खाली गेली, वर आली, आणि जागेवर थांबली. एकदाही डुलली नाही.

वडिलांनी हात झटकले.

"आपल्या पिकअपचं पण बघ येकदा," ते म्हणाले. "मागनं लई आदळती."

*

आणि मग दौंड.

दाविदमामांचं घर रेल्वेलाइनच्या जवळच्या गल्लीत. घराला कमरेएवढा ओटा. ओट्यावर चाकाच्या खुर्चीत रूथआजी सकाळपासून बसलेल्या, नवी साडी, केसांत तेल. गल्लीतली निम्मी माणसं जमलेली, त्यात दाविदमामांच्या बरोबरीचे चार निवृत्त रेल्वेवाले. होडी ओट्याच्या कडेला उभी राहिली. टाळ्या!

दाविदमामा बहिणीला न भेटता आधी गाडीखाली आडवे झाले, बुश बघून बाहेर आले आणि मग म्हणाले, "कंबर कशी आहे?"

"आहे तिथंच आहे," आजी म्हणाल्या. "काही दुखत नाही."

मी आणि बबनमामांनी एकमेकांचे हात धरले. दीड वर्षाचं काम! आबांनी दार उघडलं. आजींनी काठी टेकली, उठायला गेल्या, आणि परत बसल्या. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा बसल्या.

तेव्हा मला कळलं. इथं रॅम्प नव्हता. सपाट गल्ली. सीट जमिनीपासून जेमतेम वीतभर, आणि एवढ्या खालून उठायला आजींना डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली. माझ्या एक्सेलमध्ये चारशे ओळी होत्या. सीट जमिनीपासून किती उंच, ही ओळ नव्हती.

वर ओट्यावर रूथआजी मान वाकवून खाली बघायचा प्रयत्न करत होत्या. त्यांना फक्त आजींचा अंबाडा दिसत असणार. "मार्था?" त्यांनी हाक मारली. त्यांचे शब्द सावकाश येतात. "आलीस का गं?"

"आले गं!" आजी खालून ओरडल्या. "थांब जरा!"

चार पोरं पुढं झाली. "आजी, आम्ही उचलतो."

"मी कपाट आहे का?"

बबनमामा पाना घेऊन आले. "शीटच खोलतो की. चार बोल्ट हायेत. आजीसकट वर ठिवू."

"बबन!" आबा आणि आजी एकदम.

मी जवळजवळ रडायला आले होते. साडेतीन वर्षं, सत्तर किलोमीटर, आणि शेवटचे तीन फूट राहिलेले. म्हटलं, "आजी, सगळी चूक माझी आहे."

दाविदमामा इतका वेळ कमरेवर हात ठेवून गाडीकडे बघत होते. मग ते आपल्या चार दोस्तांकडे वळले.

"बाईला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "गाडी उचला."

गल्लीच्या टोकाला ट्रकच्या बॉडी बांधणारा होता. त्याच्याकडून चार जॅक आले. कुणाच्या अंगणात बसायला ठेवलेले, रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर आले. मी मध्ये पडले, "मामा, माणूस आत असताना गाडी उचलत नाहीत! हे सेफ्टीच्या विरुद्ध आहे!"

"पोरी," एक आजोबा बाही सरसावत म्हणाले, "आम्ही रुळावरून उतरलेले डबे उचललेत. आत वऱ्हाड झोपलेलं असायचं."

गाडीचं दार लावलं. चार कोपऱ्यांना चार म्हातारे. मध्ये दाविदमामा, हात वर करून. "हं... एक!" चौघांनी एकदम दांडा मारला. गाडी बोटभर वर. "थांब. लाकूड घाल. हं... एक!" परत बोटभर. ना एक कोपरा आधी, ना एक नंतर. आजींच्या मांडीवरच्या झेंडूचं एक फूल घरंगळलं नाही. चाकं खाली लोंबायला लागली, आणि आमचं सगळं काम उघडं पडलं. बबनमामा गल्लीला काठीनं दाखवत होते, "ह्यो पाटा टेम्पोचा. ह्यो बुश तुमच्या दौंडचा. ह्ये जांभळं समदं आमचं."

गाडी वर चालली होती. आधी आजींचा अंबाडा ओट्याच्या वर आला. मग कपाळ, मग चष्मा. रूथआजींची वाकलेली मान हळूहळू सरळ होत गेली.

"बस!" दाविदमामा म्हणाले.

सीट आणि ओटा एका पातळीत. दोघींच्यात फक्त हातभर अंतर. 

दाविदमामांनी ओट्यावर जाऊन गाडीचं दार उघडलं, मधल्या फटीवर फळी टाकली आणि हात पुढं केला. "चल. उतर आता."

मार्थाआजी जागच्या हलल्या नाहीत. त्या रूथआजींकडे बघत होत्या.

"उतर की गं," रूथआजी म्हणाल्या.

"कशाला?" मार्थाआजी म्हणाल्या. "आले की मी." मग भावाकडे वळून, "दादा, चहा इकडंच दे दोघींचा. आणि ह्या सगळ्यांना घरी जायला सांग. आम्हाला बोलायचंय!"

आणि गाडीचं दार ओढून लावून घेतलं.